टिटवीची नाकपुडी

बोटीचं नाव टिटवी. नाव ठेवलं तेव्हाच पक्षीमंडळातल्या काही जणांनी नाकं मुरडली होती. टिटवी अपशकुनी, ती डोक्यावरून ओरडत गेली की घरात काहीतरी वाईट होतं, असं त्यांचं म्हणणं. मंडळातल्या सगळ्यात जुन्या चारुताबाईंनी त्यांना भर सभेत सुनावलं, "पक्षीमंडळात बसून पक्ष्याला अपशकुनी म्हणायचं असेल, तर गळ्यातली दुर्बीण आधी खाली ठेवा." दुर्बीण कुणी ठेवली नाही आणि नाव टिटवीच राहिलं. पण यंदा दसऱ्यानंतर त्या बोटीला असा काही वास सुटला, की गप्प बसलेल्यांना पुन्हा तोंड फुटलं.

वास संडासाचा होता. हे सरळच सांगून टाकलेलं बरं, कारण बोटीवर पाय ठेवणाऱ्यालाही तो सरळच भेटायचा. केबिनचं दार उघडलं की सडक्या अंड्यांची अख्खी टोपली कुणीतरी तोंडावर उपडी केल्यासारखं व्हायचं. एकदा कॉलेजची मुलं पक्षी बघायला आली होती. त्यातल्या दोघांनी पक्षी सोडून कठड्यावरून खाली वाकून दुसरंच काहीतरी केलं आणि घरी जाऊन ते सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर मुलं आली नाहीत.

नाथसागर म्हणजे पैठणच्या धरणामागचा अफाट जलाशय. हिवाळ्यात तिथे देशोदेशीची बदकं उतरतात, आणि इकडे अख्खं संभाजीनगर बाराही महिने तेच पाणी पितं. त्यामुळे बोटीवरच्या संडासातला एक थेंबही पाण्यात सोडायचा नाही, अशी वनखात्याची अट होती. अट नसती तरी चारुताबाईंनी सोडू दिला नसता. संडासाखाली एक बंद टाकी होती. हाताने दांडा मारायचा, तळ्यातलं थोडं पाणी आत यायचं आणि सगळं टाकीत जायचं. फेरी संपवून बोट काठाला लागली की मैला उपसणारी गाडी येऊन टाकी रिकामी करायची. एवढी साधी रचना.

कुणी म्हणेल, इतका वास येतो तर काढून टाका तो संडास. केशवराव नेमकं हेच म्हणत होते. केशवराव मंडळाचे अध्यक्ष, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, माणूस सज्जन, पण प्रत्येकाच्या कामात नाक खुपसायची सवय. या एकाच कामात त्यांना नाक खुपसवेना. जानेवारीतल्या पक्षीगणनेच्या आधी संडास उचकटून काढायचा आणि तिथे दुर्बिणी ठेवायला छान कपाट करायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. सर्जेराव सुताराला निरोपही गेला.

स्वरालीला हे कळलं तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली. स्वराली औरंगपुऱ्यातली, शालेय पुस्तकांच्या दुकानदाराची मुलगी. एम.एस्सी. झाल्यावर ती नाथसागरावर येणाऱ्या चक्रवाकांवर संशोधन करत होती. भगव्या अंगाची ही जोडीजोडीने राहणारी बदकं तळ्याच्या मधल्या बेटाजवळ उतरतात. तिकडे जायचं म्हणजे उजाडताच निघून दिवस मावळताना परतायचं. मधे ना काठ, ना झुडूप, ना आडोसा. पुरुषांचं काय, एकेक जण बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन उभा राहायचा आणि बाकीचे तेवढा वेळ मन लावून बदकं मोजायचे. शहराच्या पिण्याच्या पाण्याची आठवण त्या वेळी कुणालाच व्हायची नाही. बायकांना मात्र मंडळ मोठ्या प्रेमाने काठावरच्या जागा द्यायचं. टिटवीवर संडास आला आणि गेल्या हिवाळ्यात स्वराली पहिल्यांदा बेटापर्यंत पोचली. आता संडास गेला की बेट गेलं, आणि बेट गेलं की तिचं अर्ध्यावर आलेलं काम गेलं.

ती केशवरावांशी भांडली. ते रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. "अगं, तू कशाला एवढा त्रास घेतेस? आम्ही तिकडे जाऊन मोजतो आणि आकडे आणून देतो की तुला!" असं ते अगदी मायेने म्हणाले. आयतं ताट समोर आणून ठेवावं तसे कुणी आपल्याला चक्रवाक आणून देणार, या विचारानेच स्वरालीला रडू यायला लागलं.

तसे केशवरावांनी उपाय कमी केले नव्हते. फेरीगणिक बाटलीभर फिनेल ओतलं. मग ॲसिड ओतलं. डांबराच्या गोळ्या टाकल्या. कापूर ठेवला. शेवटी मोगऱ्याची उदबत्ती लावली, तेव्हा मोगऱ्याच्या बागेत अंडी सडल्यासारखा वास यायला लागला. सगळं हरलं आणि खापर कडुबाच्या डोक्यावर फुटलं. कडुबा टिटवी चालवायचा. तो पैठणजवळच्या वस्तीवरचा, पिढीजात मासेमारी करणाऱ्या घरातला. टाकी नीट उपसून घेत नाही, हात धुऊन मोकळा होतो, असं त्याच्याबद्दल सभेत बोललं गेलं. तेव्हापासून कडुबा 'व्हय' आणि 'नाय' यापलीकडे कुणाशी बोलत नव्हता.

स्वराली उठली आणि पुंडलिकनगरात चारुताबाईंकडे गेली.

चारुताबाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या गल्लीत शिरलं की त्यांची ओळख पटायला घराचा नंबर लागत नाही. प्रत्येक घराच्या संडासाच्या टाकीवरून वर गेलेला जो हवेचा पाइप असतो, त्याच्या तोंडाला या गल्लीत हिरव्या नायलॉनच्या जाळीचं टोपरं घातलेलं दिसतं. गल्लीत डेंग्यूने दोन घरं हवालदिल झाली, तेव्हा बाई दारोदार फिरल्या होत्या. डास टाकीत वाढतात आणि या पाइपातून बाहेर येतात, जाळी बांधा. जे बांधीनात त्यांच्या गच्चीवर स्वतः चढून बांधली. लोक आधी वैतागले, मग हसले, मग त्यांनीच उन्हापावसाने फाटलेल्या जाळ्या बदलायला सुरुवात केली.

बोटीवरचा संडाससुद्धा बाईंचीच करणी. तरुणपणापासून त्या पक्षी मोजायला जायच्या, आणि जायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायचं सोडायच्या. अशी कितीतरी वर्षं काढल्यावर एका हिवाळ्यात मूत्रमार्गाचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आणि दवाखान्यात पडून राहावं लागलं. दुसरी कुणी असती तर घरी बसली असती. बाई बऱ्या झाल्या त्या थेट सभेत आल्या आणि आपण का आजारी पडलो ते सगळ्यांना सांगितलं. लघवी हा शब्द त्यांनी वर्गात गंधकाम्ल म्हणावं इतक्या सहज उच्चारला. केशवराव तेव्हा छताच्या पंख्याकडे बघत होते. पण बोटीला संडास मंजूर झाला.

पावसाळ्याच्या शेवटी बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर त्या बोटीकडे गेल्या नव्हत्या आणि वासाचं प्रकरण त्यांच्या कानावर नीटसं आलंच नव्हतं. स्वरालीने सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचे डोळे भरले. बाईंनी तिला रडू दिलं, चहा ठेवला आणि मग एकच विचारलं, "वास कुठून येतो?"

"संडासातून."

"संडासातून कुठून? भांड्यातून, पाइपातून, टाकीच्या झाकणातून, की येणाऱ्या पाण्यातून?"

इतके दिवस सगळ्यांनी वास घालवायची धडपड केली होती. तो कुठून येतो हे कुणी विचारलंच नव्हतं. स्वरालीने स्वतःसुद्धा नाही.

"सर्जेरावला माप घ्यायला कधी बोलावलंय?"

"उद्या."

"मग आपणही उद्याच जाऊ," बाई म्हणाल्या आणि जुन्या पंच्याचे तुकडे करायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत बाई बोटीवर चढल्या. कडुबाने हात दिला, पण तोंड उघडलं नाही. केबिनमध्ये केशवरावांनी नुकतीच उदबत्ती लावली होती. बाईंनी आत डोकावलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "ती आधी विझवा. टाकीत साठतो तो वायू पेट घेतो. बोट उडवायचीय का?"

केशवरावांनी ती दोन बोटांनी विझवली आणि बोटं भाजून घेतली. सर्जेराव सुतार हातात टेप घेऊन काठावर उभा होता. त्याला बाई म्हणाल्या, "बसा जरा सावलीत. माप कुठे पळून जात नाही." तो खरोखरच बाभळीखाली जाऊन बसला.

मग बाईंनी कडुबाला समोर बसवलं. "तू रोज इथे असतोस. मला सांग, वास कधीपासून?"

इतक्या दिवसांत त्याला कुणी विचारलं नव्हतं, नुसतं बोललं होतं. "पावसाळ्यात जरा जरा होता, बाई. पर दसऱ्यापासून लईच."

"दसऱ्याला बोटीचं काय काय केलंस?"

"काय नाय. खंडेनवमीला पुजली. घासून पुसून निळा रंग दिला, हार घातला, नारळ फोडलं."

"आणि टाकी?"

"टाकी रामकिसनची गाडी येऊन उपसती. म्या सोता हुबं ऱ्हातो. तळ दिसंपतोर उपसतो, बाई. पोराची आण."

"आण नको घेऊस. माझा विश्वास आहे," बाई म्हणाल्या. कडुबाने मान खाली घातली. स्वराली शेजारीच उभी होती. कडुबाचे कान लाल झालेले तिला दिसले आणि तिच्या लक्षात आलं की सभेत त्याच्यावर आळ आला तेव्हा आपणही काही बोललो नव्हतो.

बाईंची कामाची पद्धत स्वरालीने त्या दिवशी जवळून पाहिली. त्या एका वेळी एकच गोष्ट करत होत्या. दुसरी करायला कुणी हात पुढे केला की त्यावर हलकी चापट मारत होत्या. "दोन गोष्टी एकदम केल्या तर वास कशाने गेला ते कळणार नाही, आणि कळलं नाही तर तो परत येईल." थर्मासातलं कढत पाणी पंच्याच्या तुकड्यांवर ओतून त्यांनी ते पिळले आणि स्वरालीकडून टाकीच्या प्रत्येक पाइपाला गुंडाळून घेतले. थर्मासात चहा असेल म्हणून केशवरावांनी पेला पुढे केला होता. त्यांना गरम पाणी मिळालं, आणि तेही त्यांनी भिडेखातर प्यायलं. तुकडे गार झाल्यावर बाई ते घेऊन काठावर मोकळ्या हवेत गेल्या आणि एकेक नाकाशी धरला. पाइपात वास मुरला असेल तर तो कापडाला लागतो. कापडांना पंच्याचाच वास होता.

"पाइप सुटले," बाई म्हणाल्या. एखाद्या निर्दोष माणसाला सोडून दिल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला.

मग येणारं पाणी. तळ्याच्या पाण्यात शेवाळ, किडे असतात, नळीत साठून तेही सडतात. बाईंनी ती नळी बंद करायला लावली आणि कॅनमधलं स्वच्छ पाणी भांड्यात ओतून स्वरालीला दांडा मारायला सांगितलं. वास आला. तळ्याचं पाणीही सुटलं. पण या वेळी बाई खालच्या फळीला कान लावून बसल्या होत्या. ऑपरेशन झालेला गुडघा बाजूला लांब पसरून, पांढऱ्या केसांची ती बाई संडासाच्या दारात जवळजवळ आडवी झालेली होती आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. स्वरालीला वाटलं, आपण म्हातारे झालो तर असं व्हावं.

"पुन्हा मार. ऐकलंस? पाणी आत जातं आणि टाकी ढेकर देते. वरच्या वर, भांड्यातून. का? टाकीत पाणी आलं की आतली हवा बाहेर जायला हवी. तिला तिचा रस्ता आहे. मग ती इकडून का येतेय?"

हवेचा पाइप. टाकीतून निघून भिंतीच्या आतून तो बोटीच्या बाहेरच्या अंगाला, कठड्याच्या खाली उघडत होता. बाईंनी स्वरालीला काठावरून एक पीस आणायला सांगितलं. काठावर बदकांच्या पिसांना काय तोटा. "हे त्या तोंडापाशी धर. मी इकडे दांडा मारते. पीस हललं तर हवा येतेय."

स्वराली कठड्यावर पोटावर आडवी झाली, एका हातात पीस धरून दुसऱ्या हाताने बाहेरची बाजू चाचपायला लागली. तोंड काही सापडेना. सगळीकडे गुळगुळीत निळा रंग. बाई आतून दांडा मारत होत्या, आत ढेकर ऐकू येत होता, पीस मात्र ढिम्म हलत नव्हतं.

"बाई, इथे तोंडच नाहीये. नुसता एक फुगवटा आहे."

आतला दांडा थांबला. मग बाई काठी टेकत बाहेर आल्या. त्यांचा चेहरा बदललेला होता. "तुझं तोंड बाजूला कर आणि तो फुगवटा खरवड," त्या हळू म्हणाल्या.

स्वरालीने कडुबाकडून पातं घेऊन खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला. त्याखाली चिलटांचा आणि धुळीचा थर बसला होता, आणि त्याखाली हिरवी नायलॉनची जाळी, चांगली दुहेरी, सुतळीने आवळून बांधलेली. पात्याचं टोक जाळीत घुसलं मात्र, फुस्स करून सगळा कोंडलेला वायू बाहेर आला. बाभळीखालचा सर्जेरावसुद्धा उठून लांब गेला.

"हा बघा!" केशवराव रुमालातून ओरडले. "मी म्हणत नव्हतो? रंग मारताना समोरचं भोक दिसलं नाही याला! भोकावरसुद्धा रंग! काय रे कडुबा?"

कडुबाच्या तोंडचं पाणी पळालं. रंग त्यानेच दिला होता, नाही म्हणायला जागा नव्हती. स्वरालीच्या हातात ती जाळी होती. तशीच जाळी तिने काल पुंडलिकनगरात घरोघरी पाहिली होती. तिने बाईंकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. आपण काही बोलायचं नाही, असं तिने त्या क्षणी ठरवलं. संडास वाचला होता. कडुबाला आणखी चार शब्द ऐकावे लागले असते, पण रंग त्याने दिला होताच की. आणि बोललं तर बाईंचं नाव खराब झालं असतं. शिवाय संडासावर मुळात ज्यांचा डोळा, त्यांच्या हातात कोलीत कशाला द्या?

"थांबा, केशवराव," बाई म्हणाल्या. "जाळी मी बांधली."

केशवरावांनी रुमाल खाली घेतला.

"श्रावणात आले होते तेव्हा. माझ्या हाताने बांधली, चांगली दोन पदरी. कडुबा म्हणत होता, बाई, हितं कशाला? मीच म्हटलं, तुला डेंग्यू कळत नाही. त्यावर चिलटं बसली, धूळ बसली, तेव्हाच वास सुरू झाला. रंगाने फक्त शेवटची फट बुजली. जाळी नसती तर रंग बसला कशावर असता?"

"अहो, पण डास..." केशवराव आता त्यांची बाजू घ्यायला लागले.

"तीच तर गंमत आहे. घरच्या टाकीत घाण वर्षानुवर्षं साचून असते, म्हणून तिथे डास वाढतात. इथली टाकी फेरीगणिक रिकामी होते. अंड्याचा डास व्हायला वेळच मिळत नाही. इथे जाळीची गरजच नव्हती. मी विचार केला नाही, घरचा नियम उचलला आणि इथे चिकटवला. टाकीला हवा मिळाली तर आतले जंतू निमूट काम करतात, त्यांच्यामुळे असा वास सुटत नाही. हवा कोंडली की दुसरे जंतू माजतात, ते ही अंडी सडवतात. ही टाकीची नाकपुडी होती आणि मी ती बांधून ठेवली होती. वरून तुम्ही फिनेल ओतून उरलेसुरले चांगले जंतूही मारलेत, पण तो गुन्हा किरकोळ आहे." मग त्या कडुबाकडे वळल्या. "तुला सभेत बोल लागले ते माझ्यामुळे. पुढच्या सभेत मी हे असंच सांगणार आहे."

"आवं, ऱ्हाऊ द्या बाई," कडुबा कासावीस होऊन म्हणाला. "रंग तर म्याच दिला ना."

"दिलास. चांगला दिलायस. बाकीची बोट बघ कशी झळकतेय."

कडुबा हसला. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच हसला असावा, कारण केशवराव त्याच्याकडे बघतच राहिले.

स्वराली हातातली जाळी घेऊन तशीच उभी होती. बाईंना खूप कळतं, हे तिला आधीच माहीत होतं. पण पाइप, पाणी, टाकी असा एकेकाचा संशय घेत जाताना शेवटी संशय स्वतःवर आला, तेव्हा बाईंनी स्वतःला वेगळी वागणूक दिली नाही. जो न्याय पाइपाला तोच चारुताला. आपण मात्र क्षणभरापूर्वी कडुबाला विकून मोकळे झालो होतो. तिला स्वतःची लाज वाटली, आणि बाईंविषयी जे वाटलं त्याला आदर हा शब्द फार तोकडा होता. ती पुढे झाली आणि पटकन त्यांच्या पाया पडली.

"अगं, हात घाण आहेत तुझे," बाई म्हणाल्या.

सर्जेराव टेप गुंडाळून निघून गेला. केशवरावांनी त्याला परत बोलावलं नाही, पण वास खरंच गेला पाहिजे, एवढं बजावलं, आणि ते रास्तच होतं. हवेचा पाइप तारेने साफ केला. रामकिसनची गाडी पाचोडच्या बाजाराच्या दिवशी येत नाही, तो बाजार आटोपल्यावर आली. टाकी उपसून स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळून काढली. फिनेल बंद, ॲसिड बंद, गोळ्या बंद. बाईंनी कुणालाही काहीही टाकू दिलं नाही. केशवराव रोज काठावर येऊन दारातून हुंगून जायचे. पहिल्या दिवशी तोंड वाकडं, मग थोडं कमी वाकडं, आणि एका सकाळी ते केबिनमध्ये बसून पोहे खाताना सापडले. सभेत बाई जे बोलायचं ते बोलल्या. या वेळी केशवराव पंख्याकडे बघत नव्हते. त्यांनीच उठून कडुबाची माफी मागितली.

गणनेच्या दिवशी उजाडताना स्वराली काठावर पोचली, तेव्हा बाई गुडघ्याला पट्टा बांधून आधीच बोटीत बसल्या होत्या. कडुबा मात्र इंजिन सुरू करायचं सोडून घुटमळत होता. त्याच्या मागे जरा अंतरावर एक बाई डोक्यावर पदर घेऊन, हातात भाकरीचं फडकं धरून उभी होती.

"बाई, ही साळूबाई. आमची मालकीण," कडुबा म्हणाला. "तिला बी यायचंय म्हनती. जागा आसंल तर. म्या म्हनलं, मधी काय हाय बघायसारखं, पाणीच तर हाय."

"जागा आहे," केशवराव म्हणाले आणि स्वतः सरकून बसले.

साळूबाई पुढच्या टोकाला जाऊन बसली. तिचा जन्म या पाण्याच्या काठाला, लग्न काठाला, मासळी विकण्यात केस पिकले तेही काठाला. जाळी विणायला ती, होडी घासायला ती, पण दिवसभराच्या फेरीला ती कधी गेली नव्हती. का गेली नव्हती, हे बोटीतल्या दोन्ही बायकांना न विचारता कळलं. काठ मागे पडला तशी ती बोटीची कड घट्ट धरून बसली. ऊन वर आलं. बेट दिसायला लागलं तेव्हा तिने स्वरालीचा हात हलकेच ओढला आणि कानाशी काहीतरी कुजबुजली.

स्वराली तिला आत घेऊन गेली, दांडा कसा मारायचा ते दाखवलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर पुरुषमंडळी मन लावून बदकं मोजायला लागली. चारुताबाई मात्र बदकांकडे बघत नव्हत्या, त्या दाराकडे बघत होत्या. इतका वेळ ज्यांनी कसली फिकीर दाखवली नव्हती, त्या आता काठीवर हनुवटी टेकून पुढे वाकल्या होत्या.

साळूबाई बाहेर आली. पदराने हात पुसले, मग पदर नाकाशी न्यायच्या ऐवजी डोक्यावर नीट केला. "वास तर नायच की," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. या वेळी तिने बोटीची कड धरली नाही.

बेटाजवळ चक्रवाक उठले. भगवी पाखरं एकदम वर गेली आणि सगळं आभाळ त्यांच्या ओरडण्याने भरून गेलं. स्वराली मोजत होती, ओठ हलत होते, डोळे हलत नव्हते. साळूबाई तोंडावर हात धरून बघत राहिली.

गणना संपली. कडुबाने सवयीने बोट वळवायला घेतली.

"आवं," साळूबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "हे पाणीच हाय व्हय? आन मला आजवर पाणीच हाय म्हनत व्हता." मग तिने समोर, बेटाच्याही पलीकडे हात केला. "मागं नका वळवू. अजून लांब घ्या."